वेड पांघरून पेडगावला: सॅक, निदान रेषा आणि पंचाचा डोळा

मंडळी, मराठीत एक फार उपयोगाचा वाक्प्रचार आहे. 'वेड पांघरून पेडगावला जाणे.' सगळं कळत असताना न कळल्याचं सोंग घ्यायचं आणि आपलं काम साधून घ्यायचं. यातलं पेडगाव कुठलं असं विचारलं की लोक बहुतेक वेळा श्रीगोंदा तालुक्यातल्या, भीमेकाठच्या बहादूरगडाच्या पेडगावकडे बोट दाखवतात. आमचं पेडगाव वेगळं, परभणी जिल्ह्यातलं. पण नाव एकच असल्यामुळे पुण्यातल्या ऑफिसात गाव सांगितलं की जो तो गालातल्या गालात हसतो. साहजिकच या वाक्प्रचाराचा विचार मी इतरांपेक्षा जरा जास्तच केलाय :-)

आणि विचार करता करता खरा प्रश्न वेगळाच निघाला. सोंग घेणाऱ्याचं सोंग ओळखायचं कसं? आणि समजा ओळखलं, तर शिक्षा कशाच्या आधारावर द्यायची? मनात काय होतं ते तर दिसत नाही. कोर्टात याच प्रश्नावर वर्षानुवर्षं खटले चालतात. खेळाच्या मैदानावर मात्र पंचाला काही सेकंदांत निकाल द्यायचा असतो, तोही हजारो लोकांच्या आरडाओरड्यात. म्हणून मला वाटतं, 'हेतू कसा ओळखावा' याचा इतिहास वाचायचा असेल तर खेळांची नियमपुस्तकं वाचावीत. आज दोन खेळांबद्दल लिहितोय. एक अमेरिकन फुटबॉल, जो आपल्यापैकी ऑनसाइट जाऊन आलेल्यांना थोडाफार माहीत असतो (आणि ज्याचा सुपर बोल बघायला आपल्याकडे सोमवारी पहाटे उठावं लागतं). दुसरा आपली कबड्डी.

आधी फुटबॉल. ज्यांना अजिबात माहीत नाही त्यांच्यासाठी दोन मिनिटांत गाभा सांगतो. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्या संघाला चार प्रयत्न मिळतात. प्रयत्नाला म्हणतात 'डाउन'. चार डाउनमध्ये १० यार्ड पुढे सरकायचं. सरकलात की नवे चार प्रयत्न. प्रत्येक डाव जिथून सुरू होतो ती रेषा म्हणजे 'लाइन ऑफ स्क्रिमेज'. आपण सोयीसाठी आरंभरेषा म्हणू. चेंडू येतो क्वार्टरबॅकच्या हातात. तो दोन-चार पावलं मागे जातो आणि पुढे धावणाऱ्या सहकाऱ्याकडे पास फेकायला बघतो. समोरून सव्वाशे-दीडशे किलोची माणसं त्याला आडवं करायला येत असतात.

त्याला आरंभरेषेच्या मागे आडवा केला की झाला 'सॅक'. डाउन गेला आणि जमीनही गेली. समजा दुसरा डाउन आहे आणि १० यार्ड हवेत. सॅक ८ यार्ड मागे झाला, तर तिसऱ्या डाउनला १८ यार्ड हवेत. आता हाच क्वार्टरबॅक पकडला जाण्याच्या क्षणी चेंडू कुठंतरी भिरकावून मोकळा झाला तर? पास अपुरा. डाउन गेला, पण चेंडू परत मूळ रेषेवर येतो. तिसऱ्या डाउनला १०च यार्ड. म्हणजे नुसतं 'मी पास टाकत होतो हो' असं सोंग केलं की ८ यार्ड वाचले. हेच अमेरिकन पेडगाव. यालाच ते 'इंटेन्शनल ग्राउंडिंग' म्हणतात, म्हणजे चेंडू जाणूनबुजून वाया घालवणं.

गंमत म्हणजे सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता. १९०५ पर्यंत या खेळात पुढे पास टाकायला परवानगीच नव्हती. माणसांचे गठ्ठे एकमेकांवर आदळायचे आणि कॉलेजची पोरं जिवाला मुकायची. त्या वर्षी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. १९०६ साली नियम बदलले आणि पुढचा पास कायदेशीर झाला. पण जुन्या मंडळींना पास म्हणजे पळपुटेपणा वाटत असावा, कारण अटी भयंकर कडक होत्या. कुणालाही न लागता पास जमिनीवर पडला तर चेंडू थेट प्रतिस्पर्ध्याला! अशा खेळात चेंडू फुकट फेकण्यात फायदा कसला? पुढे अपुऱ्या पासची किंमत कमी होत होत फक्त एका डाउनवर आली. पास स्वस्त झाला आणि तिथेच सोंगाला जागा झाली. आमच्या धंद्यातही हेच दिसतं. एखादी गोष्ट सोपी केली की तिचा गैरवापरही त्याच दिवसापासून सोपा होतो.

'सॅक' हा शब्दही पुढचाच. तो रूढ केला लॉस एंजेलिस रॅम्सच्या डीकन जोन्सने, १९६० च्या दशकात. शहर लुटून उद्ध्वस्त करणं या अर्थाचा इंग्रजी शब्द त्याने उचलला. आपण शाळेत शिकलेली १६६४ ची सुरतेची लूट इंग्रजी पुस्तकांत 'सॅक ऑफ सुरत' म्हणूनच असते, तोच हा सॅक. शब्द लोकप्रिय झाला तरी एनएफएलने वैयक्तिक सॅकची अधिकृत नोंद सुरू केली १९८२ पासून. त्यामुळे खुद्द जोन्सच्या नावावर अधिकृत आकडा शून्य. म्हणजे ज्याने बारसं केलं त्याचंच नाव वहीत नाही.

आता निवाड्याकडे वळू. नियमाच्या नावातच 'हेतुपुरस्सर' आहे. मग पंच क्वार्टरबॅकच्या मनात शिरतो का? नाही. एनएफएलचा नियम नीट वाचला तर हेतूच्या जागी डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी बसवलेल्या आहेत. एक, बचावाच्या दबावामुळे त्याचं नुकसान आता होणारच होतं का? दोन, चेंडू पास घेऊ शकणाऱ्या एखाद्या सहकाऱ्याच्या दिशेने आणि त्याच्या आसपास पडला का? तीन (ही सवलत १९९३ साली आली), क्वार्टरबॅक दोन्ही बाजूंच्या टॅकल खेळाडूंच्या मधल्या पट्ट्यातून बाहेर पडला होता का, आणि चेंडू निदान आरंभरेषेपर्यंत पोचला का? या दोन्हींची उत्तरं 'हो' असतील तर आसपास चिटपाखरू नसलं तरी चालतं. सगळ्यांना ढळढळीत दिसतं की त्याने चेंडू मुद्दाम फेकून दिलाय. तरी गुन्हा नाही!

ही सवलत दिली ती क्वार्टरबॅकचं अंग वाचवायला. पट्ट्यातून बाहेर पळालेल्या, चहूबाजूंनी घेरलेल्या माणसाला 'चेंडू धरून ठेव आणि मार खा' असं सांगण्यापेक्षा थोडं सोंग चालवून घेतलेलं बरं. म्हणजे नियम लिहिणाऱ्यांनी प्रामाणिकपणा आणि हाडं यांची तुलना केली आणि हाडांना झुकतं माप दिलं. मला हा निर्णय पटतो.

शिक्षेची रचना तर मला फारच आवडते. डाउन गेला, वर १० यार्ड मागे. पण क्वार्टरबॅकने चेंडू त्याहून मागे उभं राहून फेकला असेल, तर तो उभा होता तिथूनच पुढचा डाव. आणि स्वतःच्या एंड झोनमध्ये उभं राहून फेकला तर 'सेफ्टी', समोरच्या संघाला २ गुण. एंड झोनमध्ये सॅक झाला असता तरी हेच झालं असतं. थोडक्यात कायदा म्हणतो, तू पळालास ठीक आहे, पण आम्ही तू पकडला गेलास असंच धरून चालू. सूड नाही की उपदेश नाही. सोंगाचा नफा तेवढा काढून घेतला.

५ फेब्रुवारी २०१२ च्या सुपर बोलमध्ये हे सगळ्या जगाने पाहिलं. न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा पहिलाच डाव. टॉम ब्रेडी स्वतःच्या एंड झोनमध्ये, अंगावर जस्टिन टक धावून आलेला. ब्रेडीने चेंडू लांब, मैदानाच्या मधोमध फेकला. इतका लांब की 'ग्राउंडिंग' शब्द कुणाला सुचू नये. पण तिथे त्यांचा एकही माणूस नव्हता. निकाल: इंटेन्शनल ग्राउंडिंग, सेफ्टी, न्यूयॉर्क जायंट्स २, पेट्रियट्स ०. जायंट्सनी सामना २१-१७ असा जिंकला.

एक गोष्ट टीव्हीवर बघताना पटकन लक्षात येत नाही. मुख्य पंच, म्हणजे रेफरी, क्वार्टरबॅकच्या मागे उभा असतो. त्याची नजर त्या टकरीवर असते, कारण नियमबाह्य धक्का लागला का हे त्यालाच बघायचं असतं. मग चेंडू ४० यार्डांवर कुठे पडला, आसपास कोण होतं, हे त्याला कसं दिसणार? नाहीच दिसत. म्हणून ग्राउंडिंगचं पिवळं फडकं अनेकदा उशिरा पडतं. कडेचे पंच धावत येतात आणि सांगतात, 'आसपास कुणी नव्हतं.' दबाव एकाने पाहिला, चेंडूचं पडणं दुसऱ्याने. दोन साक्षी जुळल्या की हेतू सिद्ध झाला. एकट्याच्या डोळ्याने तो सिद्ध होतच नाही.

सॅकच्या नोंदीतही हेतू येतोच. क्वार्टरबॅक पास टाकायच्या विचारात दिसत असताना पकडला तर सॅक. डाव मुळात धावण्याचाच होता तर ती नुसती पकड. आणि तेवढं करूनही हिशेब एक नाहीच. एनएफएलमध्ये सॅकने गेलेले यार्ड संघाच्या पासिंगमधून वजा होतात, तर कॉलेज फुटबॉलमध्ये धावण्यातून. पडणं एकच, खाती दोन.

पण उलटा हेतू असला तर? ६ जानेवारी २००२. जायंट्सच्या मायकल स्ट्राहानला मार्क गॅस्टिनोचा १९८४ पासूनचा २२ सॅकचा विक्रम मोडायला थोडंच काही हवं होतं. ग्रीन बे पॅकर्स ३४-२५ पुढे, शेवटची काही मिनिटं उरलेली. पॅकर्सचा ब्रेट फार्व्ह चेंडू स्वतःकडेच ठेवून स्ट्राहानच्या दिशेने गेला आणि त्याच्यासमोर अलगद खाली बसला. स्ट्राहानने हात लावला. २२.५, नवा विक्रम. (अर्धा कसा? दोघांनी मिळून पकडलं की प्रत्येकी अर्धा.) लोकांनी वर्षानुवर्षं बोटं मोडली, गॅस्टिनोने तर फार्व्हला तोंडावर सुनावलं. पण वहीतली नोंद तशीच राहिली. पकडणाऱ्याला चुकवण्याचं सोंग पकडायला नियम होता. पकडलं जाण्याचं सोंग कुणी करेल असं नियम लिहिणाऱ्यांच्या मनातच आलं नव्हतं.

असो. आता आपल्या मातीत या. तसा अमेरिकन फुटबॉलही आपल्याकडे येऊन गेलाय बरं का. २०१२ साली खेळल्या गेलेल्या एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडियाच्या पहिल्या मोसमात 'पुणे मराठाज' नावाचा संघ होता. पण पकडणं आणि निसटणं यावरच उभा असलेला आपला खेळ कबड्डी, आणि पूर्वीचा हुतुतू.

विचार करा, चढाई करणारा म्हणजे क्वार्टरबॅकच. एकटा, समोर सात जण, आणि पकड झाली की नुकसान. मग त्याला सगळ्यात सोयीचं काय? मध्यरेषा ओलांडायची, दोन पावलं टाकायची, 'कबड्डी कबड्डी' म्हणत हातवारे करायचे आणि सुखरूप परत. चढाई केली असं दिसलं, धोका शून्य. आघाडीवर असलेल्या संघाने शेवटची पाच मिनिटं हेच केलं तर सामना खिशात.

हुतुतूच्या काळात वेळेचं बंधन म्हणजे दमच. एका श्वासात जेवढं जमेल तेवढं. गावोगावी नियम वेगळे होते. संजीवनीत बाद झालेला गडी आपल्या संघाने गुण मिळवला की जिवंत होऊन परत यायचा, गामिनीत अख्खा संघ बाद होईपर्यंत बाहेर बसायचं, अमरमध्ये बाद झाला तरी मैदानातच राहायचा, फक्त गुण मोजला जायचा. या सगळ्याला एका नियमावलीत बसवायचं काम मुख्यतः मराठी मंडळींनी केलं. १९२३ साली बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने नियम छापले आणि स्पर्धा भरवल्या. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी प्रात्यक्षिक दाखवलं. १९३८ साली कलकत्त्याच्या राष्ट्रीय खेळांत कबड्डी आली, १९५० मध्ये अखिल भारतीय संघटना झाली आणि १९९० साली बीजिंगला आशियाई स्पर्धेत पदकाचा खेळ म्हणून प्रवेश मिळाला.

या नियमांनी सोंगाचा बंदोबस्त कसा केला? 'प्रामाणिकपणे चढाई करावी' असं वाक्य लिहून भागलं नसतं. त्यांनी जमिनीवर एक रेघ मारली. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा. चढाईत ती एकदा तरी ओलांडायचीच, किंवा कुणाला तरी स्पर्श करायचा, नाहीतर बाद. नावातच 'निदान' आहे बघा. निदान इथपर्यंत तरी ये बाबा! आणि ओलांडणं म्हणजे काय तेही ठरलेलं: एक पाय रेषेपलीकडे जमिनीवर, आणि त्या क्षणी शरीराचा कुठलाही भाग रेषेच्या अलीकडे जमिनीला टेकलेला नको. त्याच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा, तिथे सहा किंवा सात बचावपटू असताना एक पाय टेकवून दुसरा हवेत ठेवला की एक गुण. भेकडपणाला शिक्षा आणि धाडसाला बक्षीस, दोन्ही चुन्याच्या रेघांनी.

आमचे एक काका गावच्या जत्रेतल्या सामन्यांना पंच म्हणून उभे राहायचे. मी लहानपणी त्यांच्याशेजारी उभा राहून चढाई करणाऱ्याचे हावभाव बघत बसायचो. ते म्हणायचे, "तोंडाकडं कामून बघायलास रे? पायाकडं बघ." अख्खं नियमपुस्तक या एका वाक्यात आहे. तोंड सोंग करतं. पाय रेषेच्या अलीकडे तरी असतो, नाहीतर पलीकडे.

पण खेळाडू हुशार असतात. नियम रेषेचा आहे ना? मग ते निदान रेषा शिवून परत यायला शिकले. क्वार्टरबॅक जसे सहकाऱ्याच्या पायाशी चेंडू आपटायला शिकले, तसेच. म्हणजे सोंग संपलं नाही, ते फक्त ३.७५ मीटर पुढे सरकलं. प्रेक्षक जांभया देऊ लागले. २०१४ साली २६ जुलैला प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा टीव्हीला जांभया परवडणाऱ्या नव्हत्या. मग आली 'करा किंवा मरा' चढाई. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरीत गुण मिळवायचाच, नाहीतर चढाई करणारा बाद. घड्याळ ३० सेकंदांचं.

यातली युक्ती बघा. एका चढाईवरून हेतू कळत नाही. खरंच संधी मिळाली नसेल, बचाव भक्कम असेल. म्हणून नियम पहिल्या दोन्ही वेळी संशयाचा फायदा देतो. तिसऱ्या वेळी विचारतच नाही. हेतूऐवजी तो सवय मोजतो. फुटबॉलने हेतू ओळखायला साक्षीदार वाढवले, कबड्डीने मोजणी आणली. कागदावर कबड्डीचा उपाय मला जास्त चोख वाटतो, कारण तिथे कुणाला कुणाच्या मनाबद्दल बोलावंच लागत नाही.

कागदावर! कारण ७ ऑक्टोबर २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेची अंतिम लढत झाली. भारत विरुद्ध इराण, २८-२८, शेवटचं मिनिट जवळ आलेलं आणि भारताची करा किंवा मरा चढाई. पवन सेहरावत चढाईत लॉबीत, म्हणजे कडेच्या राखीव पट्ट्यात गेला आणि त्याला पकडायला इराणचे बचावपटूही मागोमाग तिथे गेले. स्पर्श झाला होता का? नसेल झाला तर पवन बाद, पण मागे गेलेल्यांचं काय? जुन्या आंतरराष्ट्रीय नियमाने तेही बाद. प्रो कबड्डीतल्या नव्या नियमाने फक्त चढाई करणारा बाद. निकाल दिला, फिरवला, पुन्हा फिरवला. खेळाडू मैदानातच बसले. तासाभराच्या गोंधळानंतर जुना नियम लागू झाला, आणि भारताने ३३-२९ ने सुवर्ण जिंकलं. त्या संघात आपले अस्लम इनामदार आणि आकाश शिंदेही होते. आनंद झालाच, पण इराणच्या जागी आपण असतो तर काय वाटलं असतं हा विचारही आला.

इथे मनाचा प्रश्न नव्हताच. पाय कुठे होते ते कॅमेऱ्यात होतं. तरी तास गेला, कारण कुठली रेघ कुठल्या नियमाची हे आधी ठरलेलं नव्हतं. म्हणजे रेघा मारून माणसाच्या निवाड्यापासून सुटका होत नाही. तो निवाडा फक्त मैदानावरून उठून नियम लिहिणाऱ्यांच्या टेबलावर जातो. तिथे घाई कमी असते, पण जबाबदारी तेवढीच.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात वर्षातून एकदा अप्रेझल नावाचा सामना असतो. तिथेही हेतू मोजता येत नाही म्हणून रेघा मारतात. किती तिकिटं बंद केली, किती तास भरले. आणि आपण सगळे निदान रेषा शिवून परत यायला शिकतो. अवघड बग कुणाच्या तरी पायाशी आपटायचा, सोपी चार तिकिटं बंद करायची. मॅनेजरला दोष देऊन उपयोग नाही, रेघ नसती तर त्याने तोंड बघून गुण दिले असते आणि ते जास्त वाईट. पण फुटबॉल आणि कबड्डीच्या शंभर वर्षांतून दोन गोष्टी उचलता येतील. एक, शिक्षा सोंगाचा नफा काढून घेण्याइतकीच ठेवावी. दुसरी, एकाने टक्कर बघितली असेल तर चेंडू कुठे पडला ते दुसऱ्याला विचारावं. कबड्डीत पंचांच्या वर सरपंच असतो. नावं गावाच्या चावडीवरून आलेली आहेत, आणि चावडीवर एकट्याने निकाल द्यायची पद्धत नव्हती.

लांबलं खरं. पुढच्या वेळी कबड्डीचा सामना लावलात तर तिसऱ्या चढाईला चढाई करणाऱ्याचे पाय बघा. आणि सोमवारी पहाटे उठून फुटबॉल बघणार असाल तर चेंडूमागे न धावता पिवळं फडकं कधी पडतं ते बघा. ते उशिरा पडलं तर समजा, कडेचा कुणीतरी धावत साक्ष द्यायला आलाय.